शीर सापडत नाहीये

मला सुई टोचायला आलेल्या कुठल्याही सिस्टरच्या तोंडून पहिलं वाक्य येतं ते हेच, "शीर सापडत नाहीये हो." आणि ते पण अशा सुरात की जणू मी घरून निघतानाच ती कपाटात कुलूप लावून ठेवून आलेय.

मागच्या वर्षी पाच दिवस ताप उतरेना म्हणून ॲडमिट व्हायला लागलं. पहिल्या रात्री दोन्ही हात मिळून चार ठिकाणी टोचून झालं, दोनदा सुई आत गेली आणि रक्तच आलं नाही, एकदा आलं पण शीर फुटली आणि मनगटाजवळ सुपारीएवढं जांभळं टेंगूळ आलं. शेवटी कोणीतरी दुसऱ्या वॉर्डातून एका वयस्कर सिस्टरना बोलावून आणलं. त्यांनी मोठा दिवासुद्धा लावला नाही. दंडाला पट्टा बांधला, "मूठ आवळा, सोडा, परत आवळा" असं दोनतीनदा करायला लावलं, आणि मग डोळे चक्क दुसरीकडेच, भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि बोट मात्र माझ्या कोपराच्या खळगीत मुंगी चालावी तसं हळूहळू सरकतंय. एका जागी थांबलं. "ही काय. दाबली की उसळते बघा." मी बघितलं, मला कातडीशिवाय काहीही दिसलं नाही. एका टोचण्यात काम झालं. जाता जाता म्हणाल्या, "शीर बघायची नसते, चाचपायची असते. वर दिसते ती टोचायला गेलं की सरकते."

मग सलाईन लावून पडल्या पडल्या करायला काही नव्हतं, मोबाईल एका हाताने धरता येत होता, आणि ज्या शिरेने एवढा छळ केला ती नक्की असते तरी कशी हे वाचायला बसले. (पडले, बसले नाही.) त्या वाचनाचं वेड अजून उतरलेलं नाही, म्हणून हे सगळं.

शाळेत आपल्याला रोहिणी आणि नीला असे दोन शब्द होते. मला त्या कायम दोन बहिणी वाटायच्या, एक लाल फ्रॉकवाली आणि एक निळ्या, कारण पुस्तकातल्या चित्रात अर्धा माणूस लाल आणि अर्धा निळा असायचा. नंतर त्यांचीच दुसरी नावं आली, हृदयाकडून रक्त नेणारी ती धमनी आणि परत आणणारी ती शीर. धमनी हा शब्द तर ऐकण्यासारखा आहे, संस्कृतात त्याच्या मुळाशी फुंकण्याचा अर्थ आहे, भात्याची नळी ती पण धमनीच. आणि गंमत म्हणजे तिकडे ग्रीकांचा धमनीसाठीचा जो शब्द होता, तोच ते श्वासनलिकेलाही वापरायचे! दोघांच्याही डोक्यात वाराच. ग्रीकांच्या बाबतीत कारण सोपं होतं. माणूस मेला की रक्त बहुतेक शिरांमध्ये जाऊन बसतं आणि धमन्या रिकाम्या सापडतात, पण जाड भिंतीमुळे तोंड उघडं ठेवून गोल उभ्या राहतात. शीर कापली तर ओल्या मोज्यासारखी चपटी पडते. मग रिकामी गोल नळी बघून कोणालाही वाटेल की यातून हवाच जात असणार.

नीला मात्र निळी नसते. आतलं रक्त गडद लाल, जवळजवळ मरून असतं, कातडीतून जाताना आणि परत येताना उजेडाचं जे काही होतं त्यामुळे आपल्याला ती निळसर हिरवी दिसते. हे मला सिरिंजमध्ये चढणारं रक्त बघूनही इतकी वर्षं सुचलं नव्हतं, डोळ्यासमोर लाल रक्त येतंय आणि डोक्यात निळं चित्र घट्ट बसलेलं.

तर तो दंडाचा पट्टा. तो का बांधतात याचा मी कधी विचारच केला नव्हता, मला वाटायचं सुई दुखू नये म्हणून असेल. पट्टा असा बांधतात की वरवरच्या शिरा दाबल्या जातील पण खोलवरच्या धमनीतलं रक्त यायचं थांबणार नाही. म्हणजे हातात रक्त येतंय पण परत जायची वाट बंद, म्हणून खालच्या शिरा फुगतात. आणि हा साधा पट्टा म्हणजेच विल्यम हार्वेचा प्रयोग आहे, चारशे वर्षांपूर्वीचा. हार्वे इंग्लंडमधला डॉक्टर, शिकला इटलीत पादुआला, तिथे त्याचे गुरू फाब्रिसियस यांनी शिरांच्या आतल्या झडपांचं वर्णन १६०३ साली छापलं होतं, पण त्या झडपा कशासाठी आहेत हे मात्र त्यांना नीट उमगलं नव्हतं, त्यांना वाटायचं रक्त हातापायात फार साचू नये म्हणून त्या वेग कमी करतात. त्या काळी सगळे गेलनचं म्हणणं प्रमाण मानायचे आणि गेलन म्हणजे दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य! त्याच्या मते रक्त यकृतात तयार होतं, अंगभर पसरतं आणि शरीर ते वापरून संपवून टाकतं. परत बिरत काही येत नाही.

हार्वेने काय केलं तर हिशोब. मला हे फार आवडलं, कारण मोठमोठे शोध दुर्बिणीतून लागतात असं आपल्याला वाटतं आणि हा लागला गुणाकारातून. एका ठोक्याला हृदयातून थोडंसं रक्त बाहेर पडतं असं धरलं, अगदी कंजूषपणे कमी आकडा धरला, आणि अर्ध्या तासातले ठोके मोजले, तरी उत्तर अख्ख्या शरीरात असलेल्या रक्तापेक्षा जास्त येत होतं. एवढं रक्त यकृत दर अर्ध्या तासाला कुठून बनवणार? तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. आजच्या आकड्यांनी केलं तर अजूनच गंमत, एका ठोक्याला साधारण ७० मिलीलीटर, मिनिटाला सत्तरेक ठोके, म्हणजे मिनिटाला ५ लीटरच्या आसपास, आणि मोठ्या माणसाच्या अंगात रक्तच मुळी ५ लीटर असतं. हे वाक्य तुम्ही वाचायला घेतलंत तेव्हा हृदयातून निघालेला थेंब मिनिटाभरात परत हजर.

१६२८ मध्ये त्याने हे फ्रँकफर्टला छापलेल्या एका बारीकशा पुस्तकात मांडलं आणि त्यात हाताच्या शिरांवरचा एक प्रयोग आहे, तो कोणालाही करता येतो. मी केला. माझ्या हातावर नाही अर्थात, माझ्या हातावर काय दिसणार, मी बाबांचा हात घेतला. बाबांच्या हातावर शिरा अशा आहेत की नकाशा छापून घ्यावा. ते टीव्ही बघत होते, मी त्यांचा हात खाली लोंबता धरला, शिरा टम्म फुगू दिल्या, एका शिरेवर खालच्या बाजूला एक बोट दाबून ठेवलं आणि दुसऱ्या बोटाने त्या शिरेतलं रक्त वर कोपराच्या दिशेने निपटत नेलं. मधे एक बारीकशी गाठ लागते, ती पार केली आणि वरचं बोट उचललं. वरून रक्त मागे येईल असं वाटतं ना? येत नाही. त्या गाठीपर्यंत येतं आणि अडतं, आणि गाठीपासून माझ्या खालच्या बोटापर्यंत शीर सपाट, जणू तिथे नव्हतीच. खालचं बोट उचललं की भर्रकन खालून भरते. "काय चाललंय तुझं?" बाबा म्हणाले. म्हटलं, "बाबा, तुमची झडप शाबूत आहे." ते म्हणाले, "बरं. आवाज वाढव जरा."

हार्वेला एक गोष्ट मात्र दाखवता आली नाही. धमनीतून रक्त गेलं, शिरेतून परत आलं, पण मधल्यामधे ते एकातून दुसरीत गेलं कुठून? त्याने फक्त म्हटलं की वाट असणार. तो १६५७ मध्ये गेला. चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीत माल्पिगी नावाच्या डॉक्टरने बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्या बारीक वाटा, म्हणजे केशवाहिन्या, दिसल्या. हे वाचून मला उगाचच वाईट वाटलं, चार वर्षं म्हणजे काय हो.

केशवाहिनी हा आपला शब्द जरा फसवा आहे. केसासारखी म्हणतो आपण, पण केस तिच्यापुढे दोरखंड आहे. केशवाहिनीची रुंदी ५ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आणि लाल पेशी स्वतःच ७-८ मायक्रॉनची, म्हणजे बऱ्याच ठिकाणी पेशीला अंग चोरून, वाकून, एकामागे एक अशी रांगेतच जावं लागतं. भिंत किती जाड? एक पेशी. एका चपट्या पेशीची भिंत, पलीकडे तुमचा स्नायू किंवा मेंदू. आणि खरं सांगायचं तर सगळा कारभार इथेच आहे, हृदय, महाधमनी, एवढा दाब, एवढी धडधड, ती सगळी या एका पेशीच्या भिंतीपर्यंत रक्त पोचवण्यासाठी. इथे आल्यावर रक्ताचा वेग एकदम पडतो. महाधमनीत सेकंदाला २० सेंटीमीटरच्या आसपास आणि केशवाहिनीत जेमतेम अर्धा ते एक मिलीमीटर, कारण एकेक वाट बारीक असली तरी सगळ्या मिळून इतक्या आहेत की नदी मैदानात पसरावी तसं होतं. केशवाहिनीची लांबीच मिलीमीटरभर, त्यामुळे लाल पेशीला ऑक्सिजन उतरवून द्यायला मिळतो एखाददुसरा सेकंद.

बरं या भिंती पण सगळीकडे सारख्या नाहीत. मेंदूतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या की भलतंसलतं आत जाऊ देत नाहीत, म्हणून कितीतरी औषधं मेंदूपर्यंत पोचतच नाहीत. मूत्रपिंडात त्यांना बारीक खिडक्या, कारण तिथे गाळायचं काम. यकृतात तर चांगल्या मोठ्या फटी. आणि डोळ्याच्या सगळ्यात पुढच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्याच नाहीत, असत्या तर आपल्याला सगळं लाल जाळीतून दिसलं असतं, तो ऑक्सिजन थेट हवेतून घेतो.

इथे एक आकडा सगळीकडे भेटतो, की शरीरातल्या सगळ्या रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर १ लाख किलोमीटर होतील, पृथ्वीला अडीच फेऱ्या. मी पण हा लोकांना छाती फुगवून सांगितलाय. मग कळलं की तो डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघचा अंदाज, केशवाहिन्यांवरच्या कामासाठी १९२० चं नोबेल मिळालेला माणूस, पण त्याने हिशोबाला जो माणूस धरला होता त्याचे नुसते स्नायूच ५० किलोचे होते! असा माणूस माझ्या तरी ओळखीत नाही. अलीकडे लोकांनी परत मोजलं तेव्हा ९ ते १९ हजार किलोमीटरच्या दरम्यान आकडा आला. तो पण काही कमी नाही, पण एक लाखाची शान गेली ती गेलीच.

नाडीबद्दल पण माझा असाच एक गैरसमज होता. मनगटावर बोट ठेवलं की जो ठोका लागतो तो म्हणजे हृदयातून आत्ता निघालेलं रक्त येऊन धडकलं, असंच ना? नाही. रक्त मागाहून सावकाश येतं. बोटाला लागते ती दाबाची लाट, धमनीच्या भिंतीतून धावत आलेली, सेकंदाला ५ ते १० मीटर वेगाने. पाण्याने भरलेला पाईप नळापाशी उघडला की दुसऱ्या टोकाला लगेच पाणी येतं, पण ते नळातलं नवं पाणी नसतं, तसंच. आणि वय वाढून धमन्या कडक झाल्या की ही लाट आणखी जोरात धावते, तिचा वेग मोजून डॉक्टर धमन्या किती कडक झाल्यात ते ओळखतात. नाडी बघणं म्हणजे हृदय बघणं असं मला वाटायचं, त्यात अर्धी तर भिंतच बघतोय आपण.

ही भिंत तीन थरांची. आतला थर गुळगुळीत, मधला स्नायूचा आणि लवचिक तंतूंचा, बाहेरचा चिवट वेष्टनासारखा. महाधमनीत लवचिक तंतू भरपूर, म्हणून हृदयाने रक्त फेकलं की ती फुगते, आणि हृदय दम घ्यायला थांबलं की ती आकसून तेच रक्त पुढे ढकलते. नाहीतर रक्त धक्क्याधक्क्यानेच गेलं असतं. हे लवचिक तंतू बहुतेक सगळे लहानपणीच तयार होतात, नंतर फारशी भर नाही, मिळालेल्या मालावर जन्मभर भागवायचं.

खरी मालकी मात्र मोठ्या धमनीची नाही, तिच्या शेवटाला ज्या अगदी बारक्या धमन्या असतात ना, केशवाहिन्यांच्या आधीच्या, त्यांची. त्यांच्या भिंतीतला स्नायू आवळला की वाट बारीक, सोडला की रुंद. प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४० च्या सुमाराला काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून नियम काढला की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाला प्रवाह निम्मा नाही, सोळावा हिस्सा होतो. सोळावा! म्हणजे कुठे किती रक्त द्यायचं हे या बारक्या धमन्या थोडंसं आवळून सोडून ठरवतात. पळायला लागलात की पायांकडे सोडतात आणि पोटाकडे आवळतात, लाज वाटली की चेहऱ्याकडे सोडतात, थंडीत बोटांकडे आवळतात. झटकन उठून उभं राहिलं की अर्धा लीटरभर रक्त पायांकडे उतरतं, तेव्हा यांनी आणि शिरांनी पटकन आवळलं नाही तर डोळ्यापुढे अंधारी. तापातून उठल्यावर मला बाथरूमच्या दारात आली होती ती हीच. आणि सगळीकडेच सारख्या आवळलेल्या राहिल्या की बीपी. बाबांचं बीपी पंधरा वर्षं होतं आणि आम्ही सगळे त्याला स्वभाव समजत होतो.

बाबांची बायपास झाली त्याला आता सहा वर्षं. त्याआधी ते जिभेखाली एक छोटी गोळी ठेवायचे, शर्टाच्या खिशात कायम डबी. ती गोळी म्हणजे नायट्रोग्लिसरीन, सुरुंगात असतं तेच. ते बनवणाऱ्या आल्फ्रेड नोबेललाही म्हातारपणी छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी हेच लिहून दिलं होतं आणि नशिबाची काय थट्टा आहे असं त्याने पत्रात लिहून ठेवलंय. गोळी लागू पडते हे शंभर वर्षं माहीत होतं, का पडते ते माहीत नव्हतं. मग रॉबर्ट फर्चगॉट हे अमेरिकेतले संशोधक सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते, एकच औषध कधी पट्टी सैल करायचं कधी आवळायचं, काही ताळमेळ लागेना. शेवटी लक्षात आलं की पट्टी तयार करताना आतला थर घासला गेला असेल तर ती सैल पडतच नाही. तो एक पेशीचा गुळगुळीत अस्तर, ज्याला तोवर बहुतेक लोक नुसतं अस्तर समजायचे, तोच स्नायूला निरोप पाठवत होता. १९८० मध्ये हे छापून आलं, पुढे कळलं की निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साईड, एक साधा वायू, आणि १९९८ चं नोबेल या कामाला मिळालं. नोबेलच्याच नावाचं बक्षीस, त्याच्याच गोळीचं कोडं सुटल्याबद्दल. बाबांची गोळी तोच वायू बाहेरून पुरवत होती.

रक्त जोरात वाहिलं की हे अस्तर तो घर्षणाचा ताण ओळखतं आणि वाट रुंद करायला सांगतं. पाईप असं करत नाही. आमच्या घरात ऑपरेशनच्या आधी सगळं बोलणं पाईपचंच चालायचं, "नळी चोंदलीय, साफ करतील", डॉक्टर पण समजावताना तेच म्हणायचे आणि सोपं पडतं ते, मान्य आहे. पण चरबीचा थर काही सिंकमधल्या मळीसारखा आतून चिकटत नाही, तो त्या अस्तराच्या आत, भिंतीतच, सुजेसारखा वाढतो.

बायपासमध्ये बाबांच्या पायातली लांब शीर काढली होती. घोट्यापासून वर गुडघ्याच्याही पुढे तो व्रण अजून आहे, टाक्यांच्या खुणांसकट. ती शीर हृदयावर जोडताना उलटी करून जोडतात हे मला कळलं तेव्हा मी वाचता वाचता थांबलेच. का, तर तिच्यात झडपा असतात, पायात असताना रक्त वर जाऊ दे आणि खाली येऊ नको देऊ यासाठी. तशीच सुलटी लावली तर झडपा रक्त अडवतील. म्हणून डोक्याकडचं टोक खाली आणि पायाकडचं वर. आणि मग ती शीर, जिने जन्मभर धमनीपेक्षा कमी दाब सोसलेला, पिंढरीच्या स्नायूंच्या ढकलण्यावर चाललेली, तिच्यावर अचानक धमनीचा दाब येतो, ठोक्यामागे ठोका. ती हळूहळू भिंत जाड करायला लागते. धमनीसारखी व्हायला बघते. कधी जमतं, कधी ती जाडीच जास्त होऊन वाट अडवते, म्हणून छातीच्या आतली धमनी मिळाली तर ती जास्त वर्षं टिकते आणि सर्जन आधी ती बघतात. बाबांना दोन्ही आहेत, एक धमनी आणि दोन तुकडे शिरेचे.

हे सगळं मी त्यांना एका संध्याकाळी सांगितलं, उलट्या शिरेचं खास करून. त्यांनी पँट वर करून व्रणावरून बोट फिरवलं, घोट्यापासून वरपर्यंत, आणि मग जरा वेळाने विचारलं, "मग या पायातलं रक्त आता वर जातं कुठून?"

म्हटलं खोल शिरा असतात, जास्त रक्त आधीपासून त्यांच्यातूनच जात होतं, ही वरची होती.

"म्हणजे हिच्यावाचून काही अडलं नाही?"

"पायाचं नाही अडलं."

ते बराच वेळ पाय हलवत बसले, टाच वर, टाच खाली. फिजिओवाल्याने सहा वर्षांपूर्वी सांगितलेला व्यायाम, पिंढरी दाबली की रक्त वर चढतं तो. कधीच करत नाहीत.